मशीन नंतर, आधी कानाची तपासणी

आष्टीच्या बाजारात भाजीवाली 'साठ' म्हणते आणि समोरचे आजोबा 'आठ' ऐकून सुटे पैसे काढतात. आजूबाजूचे हसतात, आजोबाही हसून घेतात. घरी गेल्यावर मात्र हाच विषय चिडचिडीचा होतो. टीव्हीचा आवाज वाढत जातो, सून हाका मारून थकते आणि पुण्यातल्या मुलाशी फोनवरचे बोलणे 'सगळं बरं हाय ना, ठेव मग' एवढ्यावर संपते. 'त्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतंय' असा शेराही कोणीतरी मारून जाते.

यात आजोबांचा दोष नसतो. 'साठ' या शब्दातला 'स' हा बारीक आणि उंच पट्टीचा आवाज आहे. वयाबरोबर कानाची जी ताकद सर्वांत आधी जाते, ती या उंच पट्टीची. 'आ'सारखे स्वर जाड आणि खालच्या पट्टीचे असल्याने ते शेवटपर्यंत पोहोचतात. 'स', 'श', 'फ', 'थ' वाटेतच गळून पडतात. म्हणून अशी माणसे एकच तक्रार करतात: 'आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही.' अशा माणसाच्या कानाशी कोणी कितीही ओरडले तरी कळायचे ते कळत नाहीच; फक्त भांडण झाल्यासारखे वाटते.

ही तक्रार सुरू झाली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर 'वय झालं' म्हणून विषय सोडून दिला जातो, नाही तर कोणीतरी थेट मशीन आणून देते. राज्य सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा यांच्याबरोबर श्रवणयंत्रही या साधनांच्या यादीत आहे. योजना चांगली आहे. पण खात्यात पैसे आले, दुकानातून मशीन घेतले आणि कानात घातले, एवढ्याने काम भागत नाही. जत्रेतला चष्मा चुकीचा निघाला तर डोके दुखते, तो काढून ठेवता येतो. कानात चुकीच्या ताकदीचा आवाज रोज सोडला तर उरलेली श्रवणशक्तीही दुखावू शकते. आणि मुळात मळाचा खडा किंवा फाटलेला पडदा हे कारण असेल, तर मशीनची गरज होती की नव्हती हेच कोणी पाहिलेले नसते.

म्हणून क्रम उलटा करू नये. आधी तपासणी, मग उपाय आणि गरज असेल तरच मशीन. तपासणीला लोक बिचकतात, कारण तिथे नेमके काय होते हे कोणी सांगितलेले नसते. ती दुखत नाही, बहुतेक वेळा सुई टोचावी लागत नाही आणि साधारण अर्धा ते एक तासात संपते.

सुरुवात प्रश्नांनी

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी विचारपूस करतात. एका कानाने कमी येते की दोन्ही? हळूहळू झाले की एकाएकी? कान फुटला होता का, वाहतो का? कानात शिट्टी किंवा भुंगा वाजल्यासारखे होते का, चक्कर येते का? काम कोणते, आवाजाजवळ किती तास? घरात आणखी कोणाला लवकर बहिरेपण आले का? मधुमेह, रक्तदाब आहे का? क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने, कर्करोगाची औषधे घेतली का? ही औषधे जीव वाचवतात, पण त्यांतली काही आतल्या कानाला इजा करू शकतात. म्हणून जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. घरातले एक माणूसही सोबत असावे. रुग्णाला आपले ऐकणे किती कमी झाले हे बहुधा घरच्यांच्या नंतर कळते. पण उत्तरे रुग्णाला देऊ द्यावीत. प्रश्न आजीला आणि उत्तर नातवाचे, असे झाले की निम्मी माहिती तिथेच हरवते.

त्यानंतर दुर्बिणीसारख्या छोट्या दिव्याच्या उपकरणाने कानात पाहिले जाते. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो. काडी, आकडा, पेनाचे टोपण घालून घालून मळ आतच ठासला गेलेला असतो. तो डॉक्टरांनी काढला की ऐकू येऊ लागते. कोमट तेल किंवा लसणाचे तेल सोडण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. पडद्याला आधीच भोक असेल तर ते तेल मधल्या कानात उतरते आणि बरा होत आलेला कान पुन्हा वाहू लागतो.

मग येतो नादकाटा, शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेला तोच. तो वाजवून आधी कानासमोर आणि नंतर कानामागच्या हाडावर धरतात, कपाळाच्या मध्यावरही टेकवतात. कुठे जास्त ऐकू येते यावरून दोष आवाज आत पोहोचवणाऱ्या भागात आहे की आतल्या कानात व नसेत, याचा पहिला अंदाज येतो. दीडशेहून अधिक वर्षे जुनी, वीज न लागणारी ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

बंद खोलीतली चाचणी

मुख्य चाचणी म्हणजे ऑडिओमेट्री. ती करतात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. रुग्णाला आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावतात. एकेका कानात 'टूं टूं' असे सूर सोडले जातात. कधी जाड, कधी बारीक, हळूहळू अगदी क्षीण होत जाणारे. ऐकू आले की बटण दाबायचे किंवा बोट वर करायचे, एवढेच काम. सूर २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांतले असतात आणि प्रत्येक पट्टीत जेमतेम ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज नोंदवला जातो.

इथे एक गैरसमज नेहमी आड येतो. अनेकांना ही परीक्षा वाटते, नापास होऊ नये म्हणून ते अंदाजाने बटण दाबतात. काही जण उलट 'पक्कं ऐकू आलं तरच दाबू' असे ठरवून बसतात. दोन्हींमुळे मोजणी चुकते. आल्यासारखे वाटले तरी दाबावे, नाही आले तर शांत बसावे. काही कळले नाही तर चाचणीआधीच पुन्हा विचारावे.

नंतर हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक लहान कंप देणारे यंत्र लावतात आणि तेच सूर पुन्हा देतात. हा आवाज पडदा आणि मधला कान टाळून थेट आतल्या कानात जातो. हवेतून कमी आणि हाडातून चांगले ऐकू येत असेल तर अडथळा मळ, पडदा किंवा मधल्या कानातल्या हाडांच्या साखळीत आहे. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारण्याची शक्यता मोठी. दोन्हींकडून सारखेच कमी येत असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. तिथे बहुधा मशीन उपयोगी पडते. कधी कधी एका कानात खळखळ आवाज सोडून दुसरा कान तपासतात. यंत्र बिघडलेले नसते. चांगल्या कानाने मदत करू नये म्हणून त्याला गुंतवून ठेवलेले असते.

यानंतर शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. हे शब्द रुग्णाच्या भाषेतले असावे लागतात. सूर ऐकू येणे आणि बोलणे कळणे यांतले अंतर इथे दिसते आणि मशीन लावल्यावर किती फायदा होईल याचा अंदाजही इथेच येतो. गरजेप्रमाणे इम्पिडन्स चाचणीही होते. कानात मऊ बोंडूक बसवून हवेचा हलका दाब बदलतात. पडदा नीट हलतो का, त्यामागे पाणी साचले आहे का, हे ती काही सेकंदांत सांगते. कानात दडे बसल्यासारखे वाटते, इतकेच.

चाचणीच्या आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून दूर राहावे. रात्रभर वरातीत डीजेजवळ नाचून सकाळी तपासणीला गेलेल्या माणसाचे कान थकलेले असतात आणि आलेख प्रत्यक्षापेक्षा वाईट येतो.

आलेख कसा वाचावा

तपासणीनंतर हातात पडतो तो एक आलेख. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. खुणा जितक्या खाली, तितके ऐकणे कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार २० डेसिबलच्या आतला कान सामान्य, २० ते ३४ सौम्य, ३५ ते ४९ मध्यम आणि ६५ च्या पुढे तीव्र दोष मानला जातो. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते, यावरून काय काय निसटत असेल ते समजावे.

'डॉक्टर, किती टक्के ऐकू येतं?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आलेख टक्क्यांत नसतो. टक्के काढले जातात ते दिव्यांग प्रमाणपत्रासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर ती व्यक्ती 'कमी ऐकू येणारी' आणि ७० डेसिबलचा असेल तर 'कर्णबधिर' धरली जाते. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. त्या खालच्या माणसाला सवलत मिळत नाही, याचा अर्थ त्याला उपचाराची गरज नाही असा होत नाही.

आलेखात दोन गोष्टी दिसल्या की तज्ज्ञ सावध होतात. पहिली, दोन कानांत मोठा फरक. अशा वेळी नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगितला जातो. दुसरी, एकाएकी आलेले बहिरेपण. रात्री चांगले झोपलेले माणूस सकाळी एका कानाने बहिरे होऊन उठते आणि 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवते. हा तातडीचा आजार आहे. पहिल्या काही दिवसांत, निदान दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले तर श्रवणशक्ती परत येण्याची आशा असते. नंतर ती वेगाने मावळते.

बाळाने बटण दाबायचे नसते

'एवढ्याशा बाळाची काय तपासणी करणार?' असे म्हणून अनेक घरे दोन-तीन वर्षे थांबतात. 'त्याचा बापही उशिराच बोलला' हा दाखलाही तयार असतो. पण बाळाच्या कानात छोटे बोंडूक ठेवून काही मिनिटांत होणारी ओएई चाचणी जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही करता येते. निरोगी आतला कान आवाजाला उत्तर म्हणून स्वतःच एक अतिक्षीण आवाज परत पाठवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली तो नोंदवला आणि ही चाचणी शक्य झाली. त्यात शंका आली तर बेरा चाचणी होते. बाळ झोपेत असताना डोक्याला चिकटपट्ट्यांसारखे इलेक्ट्रोड लावून आवाज मेंदूकडे जातो का हे पाहतात. शॉक वगैरे काही नसतो. बाळ झोपलेले असणे हीच मोठी अट, म्हणून त्याला वाटेत झोपू न देता तिथे पोहोचून दूध पाजून झोपवावे.

जगभर पाळला जाणारा हिशेब सोपा आहे: १ महिन्याच्या आत पहिली चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. भाषा शिकण्याची मेंदूची सर्वांत चांगली वर्षे पहिली तीनच असतात. मूल अडीच वर्षांचे होऊन आल्यावर कॉक्लिअर इम्प्लांट बसवले तरी गेलेला काळ भरून काढायला फार कष्ट पडतात. वजन फार कमी असलेली, काचेच्या पेटीत राहिलेली, तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झालेली आणि नात्यातल्या लग्नातून जन्मलेली बाळे यांची तपासणी तर टाळूच नये. आपल्याकडे मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत आहे. घरात एक मूक-बधिर मूल असेल तर पुढच्या बाळाचे कान जन्मतःच तपासून घ्यावेत.

शाळकरी मुलांची गोष्ट वेगळी. सारखी सर्दी, तोंड उघडे ठेवून झोपणे आणि 'वर्गात लक्ष नसते' ही शिक्षकांची तक्रार, हे तिन्ही एकत्र असतील तर पडद्यामागे पाणी साचलेले असू शकते. त्या मुलाला ओरडा नको, तपासणी हवी.

गिरणी, ट्रॅक्टर आणि डीजे

जालना जिल्ह्याची ओळख पोलादाच्या कारखान्यांसाठी आहे. रोलिंग मिलमध्ये वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या कामगाराच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. आवाजाने झालेल्या इजेची ती सही आहे. कारखान्यांसाठी ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाजामुळे आलेले बहिरेपण कामगार कायद्यातल्या, कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. ही इजा भरून येत नाही. पण ती बोलण्यात जाणवायच्या आधीच आलेखात दिसते. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री आणि कानात प्लग, इतक्यावर ती रोखता येते. हेच दिवसभर ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा पिठाच्या गिरणीजवळ काम करणाऱ्यांना लागू आहे. फरक इतकाच की त्यांची तपासणी करायला कोणी मालक बांधील नाही. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभ्या तरुणांनाही कान परत मिळत नाहीत.

आष्टी ते जालना

तपासणी कळली, तरी ती करायची कुठे? आष्टीतून परतूर, परतूरहून जालना, आणि तिथेही काम झाले नाही तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'घाटी'. एक दिवस जातो, एकाची नव्हे तर दोघांची मजुरी बुडते. म्हणून निघण्याआधी आशाताई किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातून चौकशी करावी: ऑडिओमेट्री कोणत्या वारी असते, बेरासाठी आधी नोंद करावी लागते का. आधार कार्ड, जुने कागद बरोबर ठेवावेत. कान वाहत असेल तर तो आधी गावातच कोरडा करून घ्यावा. वाहत्या कानाची मोजणी पुष्कळदा पुन्हा करावी लागते.

मशीन घ्यायचे ठरले तर तिथेही घाई नको. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेली आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. मशीन आलेखाप्रमाणे लावून दिले जाते का, घेण्याआधी लावून पाहता येते का, नंतर आवाज कमी-जास्त करून देतील का, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाटही नकोसा वाटतो. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो. रोज थोडा थोडा वेळ वाढवत वापरले तरच ते अंगवळणी पडते. नाही तर फडताळात जाऊन बसते.

आणि एक गोष्ट घराघरांतली. तपासणीला बापाला नेले जाते, आईला फारसे नाही. तिचे कमी ऐकणे स्वयंपाकघरात खपून जाते. ती बोलणे कमी करते, कार्यक्रमांना जाणे सोडते आणि 'आता शांत झाली' असे म्हटले जाते. लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये मध्यम वयापासूनच्या बहिरेपणाला वरचे स्थान दिले आहे. तिची ती शांतता म्हणूनच तपासून घ्यायला हवी.

सरकारी यंत्रणेकडे यासाठी कार्यक्रमांची कमतरता नाही. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये कान-नाक-घशाचे साधे आजारही धरले आहेत. कमी आहे ती जोडणी. परतूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून दोन ठरलेले दिवस श्रवणतज्ज्ञ आणि शांत खोली मिळाली, रक्तदाब-साखर तपासताना आशाताईने 'कानाला कसं येतंय?' हा एक प्रश्न विचारला आणि वयोश्रीचे ३,००० रुपये मशीनवर खर्च करण्याआधी आलेखाचा कागद हाती देण्याची सोय झाली, तर आष्टीतल्या माणसाची निम्मी वाट आपोआप कमी होईल.

ती सोय होईपर्यंत घरच्यांनी करण्यासारखे एक काम आहे. 'साठ'चे 'आठ' झाले की हसण्याऐवजी तपासणीची तारीख ठरवावी.